सशासाठी सापळा

रुखमाबाईने मूठभर मीठ आणि सात लाल मिरच्या पिंजऱ्यावरून तीनदा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. ठसका सगळ्यांना लागला. रुखमाबाईला लागला, शेजारच्या बायनाबाईला लागला, कुडापलीकडे झोपलेल्या कुत्र्यालाही लागला. ससा तेवढा कोपऱ्यात पाठ करून होता तसाच बसून राहिला.

"दृष्ट नाई व ही," बायनाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "दृष्ट असती तं ठसकाच लागला नसता. हे दुसरंच काई हाय."

"दुसरं काय असन?"

"मले काय मालूम? आमच्या घरी सशाची भाजी होये. पाहुणा म्हणून ससा कधी आला नाई."

ओसरीवरच्या खाटेवर रुखमाबाईचा नवरा शालिकराम खाकरला, पण वळला नाही. तोही भिंतीकडे तोंड करून पडला होता.

कार्तिकात तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्याचा पाय घसरला होता. मांडीचे हाड मोडले, नागपूरला नेऊन सळई टाकावी लागली. हाड जुळले, काठी घेऊन चालताही येऊ लागले. पण धानोऱ्याला नोकरीला असलेल्या धनराजने, त्यांच्या एकुलत्या एका मुलाने, बापाकडून वचन घेतले की आता पाण्यात पाय घालायचा नाही. वचन दिले त्या दिवसापासून शालिकराम भिंतीकडे वळला. चौऱ्याहत्तर वर्षांतली साठ-बासष्ट वर्षे ज्याने तलावात मासे धरण्यात काढली, त्याला कोरड्यावर काय करायचे ते माहीतच नव्हते. ताटातला अर्धा भात तसाच परत येई. बोलणे दिवसाकाठी चार शब्दांचे, त्यातले दोन "नाई" आणि "नोको."

बाबाचा जीव रमेल म्हणून धनराजने ससा पाठवला. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती, लोखंडी पिंजऱ्यासकट. ससा मुळात नातीचा, दामिनीचा. भाड्याच्या घरात मालकाला चालत नव्हता. अंगाने पांढरा, कानांवर तपकिरी डाग, नाव बिस्कुट.

जीव रमायचा राहिला बाजूला, घरात आता दोन पाठी झाल्या. एका पाठीपुढे ताट ठेवायचे, दुसऱ्या पाठीपुढे हरळीची जुडी, आणि दोन्हीकडले अर्धे उचलून न्यायचे. रुखमाबाईला कधीकधी वाटे, दोघांनी संगनमत केले आहे.

संध्याकाळी मोबाइलच्या पडद्यावर दामिनी आली. वय वर्षे दहा, पण बोलणे शाळातपासणीला आलेल्या साहेबासारखे.

"आजी, मी पुस्तकात वाचलं. त्याला लपायला जागा पाहिजे. चावायला काहीतरी पाहिजे. त्याला एकटं नाही ठेवायचं. आणि रोज थोडा वेळ पिंजऱ्याबाहेर काढायचं. चारही गोष्टी पाहिजेत."

"चारही?"

"हो. मी रविवारी बघणार. तो खूश नसला तर बाबा त्याला घेऊन जाणार आहेत. माझी मैत्रीण आहे ना रिंकू, तिच्याकडे देणार."

"आन् खूश हाय हे कसं समजते व माय? ससा का हासते?"

"पाय पसरून झोपतो. नाहीतर उडी मारतो हवेत. आबाजींना विचार ना, त्यांना सशांचं सगळं माहीत आहे."

रुखमाबाईने खाटेकडे पाहिले. आबाजींना खरेच सगळे माहीत होते. तरुणपणी धानाच्या बांध्यांमध्ये, भातखाचरांत, जाळी लावून बसणारा हाच माणूस. पण ती विद्या नातीला सांगण्याजोगी नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. लपायला म्हणून जुनी घागर आडवी करून पिंजऱ्यात ठेवली. बिस्कुटने आत डोकावले, मुतला आणि आपल्या कोपऱ्यात परतला. सोबत म्हणून तिने गरीब स्वभावाची एक कोंबडी आत सोडली. कोंबडीचा स्वभाव आत गेल्याबरोबर बदलला. बाहेर काढावे म्हणून सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत नेला, तर तो सरपणाच्या ढिगात शिरला आणि एक दुपार, तीन बाया आणि अर्धा ढीग उपसल्यावर हाती लागला.

"भाजीच बरी होती," कंबर धरून बायनाबाई म्हणाली.

गुरुवारी थकून रुखमाबाईने पिंजरा उचलला आणि शालिकरामच्या खाटेला टेकवून ठेवला.

"इथी काऊन ठेवून राह्यली?" भिंतीकडूनच प्रश्न आला.

"त्याले एकटं ठेवाचं नाई म्हणते पोरगी."

"मंग मी काय त्याच्यासंग भजन म्हणू?"

"नोका म्हणू. दोघंबी पाठ करून बसा. सोबत होते तेवढीच."

ती चुलीकडे गेली, पण भात ढवळताना कान ओसरीवर होता. मग खाट करकरली.

"अशा उघड्यावर बसते का कधी ससा?" शालिकराम म्हणत होता. कोणाला, ते कळायला मार्ग नव्हता. "अंगाले चारी बाजूनं काई तरी घासलं पायजे त्याच्या. बांधीच्या धुऱ्यावर गवतात कसा दबून राह्यते! आन् हे घागर ठेवते. घागर का सशाची असते? मेंढकाची असते."

रुखमाबाई ओसरीच्या दारात आली. नवरा खाटेवर उठून बसला होता, तोंड पिंजऱ्याकडे. त्याने तिच्याकडे न पाहता हात पुढे केला.

"कोयता."

पन्नास वर्षांपूर्वी ती लग्न होऊन या ढिवर मोहल्ल्यात, मासेमारांच्या वस्तीत, आली, तेव्हा दर ओसरीवर बांबू फाडल्याचा आवाज असे. नव्या नवरीला आधी तो आवाज ओळखता यायला लागे, मग सासूचा. कामट्या सोलायच्या, विणायच्या आणि आषाढात वाहत्या पाण्याच्या तोंडाशी माशांचे सापळे लावायचे. शालिकरामचा सापळा आजूबाजूच्या चार गावांत मागून नेत. मग मच्छीमार सोसायटीची नायलॉनची जाळी आली. त्याचा शेवटचा सापळा आता चुलीवर टांगलेला होता आणि तिनेच त्यात लसूण भरून ठेवला होता.

ती कोयता आणायला निघाली ती जवळजवळ धावतच. कुडाला लावून ठेवलेल्या हिरव्या बांबूंपैकी दोन ओढत तिने ओसरीवर आणले.

दोन दिवस ओसरीवर कामट्यांचा कचरा पडला आणि तिने तो झाडला नाही. शालिकराम डोळे बारीक करून विणी. मधेच सशाची लांबी वितीने मोजी, ससा हलला की "बस बे सिधा" म्हणे. बिस्कुट सोललेल्या सालींचा वास घेत पिंजऱ्याच्या या बाजूला येऊन बसू लागला. शनिवारी दोघांनी मिळून अर्धी भाकर खाल्ली. कोणी किती खाल्ली याचा तपास तिने केला नाही.

रविवारी सकाळी घर तयार झाले. लांबट, गोल, एका बाजूने बंद, आत धानाचे तणस अंथरलेले. शालिकरामने ते ओसरीवर आडवे ठेवले, पिंजऱ्याचे दार उघडले आणि काठीवर हात टेकून बसला. बिस्कुट आला. त्याने नाक हलवले, मिशा कामट्यांना लावून पाहिल्या आणि सरळ आत शिरला.

"गेला!" बायनाबाईने टाळी वाजवली.

तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर दामिनी, तिच्यामागे धनराज.

"आजी, बिस्कुट कुठाय?"

"घरात हाय त्याच्या. आबाजीनं बनवलं."

"बाहेर बोलव ना. मला बघायचाय."

रुखमाबाईने कोथिंबिरीची काडी घराच्या तोंडाशी धरली. आत खुडबुड झाली. बिस्कुटचे नाक पुढे आले आणि थांबले. तिने वाकून पाहिले. घराच्या तोंडाला टोकदार कामट्यांचे कडे होते. बाहेरून रुंद, आत जाता जाता अरुंद. जाणाऱ्याला वाट देणारे आणि येणाऱ्याच्या नाकावर टोक धरणारे. मासा शिरतो आणि निघत नाही, ते याच गळ्यामुळे.

"अवो," ती हळूच म्हणाली, "तुमी याले गळा घातला."

शालिकरामने पाहिले. मग आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले, जसे ते दुसऱ्या कोणाचे असावेत.

"हाताले का मालूम ससा हाय म्हणून," तो म्हणाला.

"आजी? तो का येत नाहीये? तो दुःखी आहे का?"

"आई, जमत नसेल तर सांग," मागून धनराज म्हणाला. "मी आजच येतो, घेऊन जातो."

"जमते, जमते!" रुखमाबाई म्हणाली आणि फोन छताकडे वळवला. पलीकडे दामिनीला काही वेळ कौले दिसली. शालिकराम कोयत्याकडे हात नेत होता. एवढ्यात आतून आवाज सुरू झाला. कुरकुर, कुरकुर, थांबून पुन्हा कुरकुर. एक कामटी हलली आणि तुटली. दुसरी तुटली. सगळे खाली वाकले, रुखमाबाईच्या हातातला फोनही खाली वाकला. गळ्याला भगदाड पडले आणि त्यातून आधी एक तपकिरी डागाचा कान, मग तोंडात हिरवी कामटी धरलेला बिस्कुट बाहेर आला. ओसरीच्या मध्यभागी येऊन त्याने हवेत एक वेडीवाकडी उडी मारली, खाली आला आणि मागचे पाय पसरून आडवा झाला.

"खूश आहे!" दामिनी किंचाळली. "बाबा, तो खूश आहे!"

शालिकराम हसत होता. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग खोकला येईपर्यंत हसला.

"साठ वर्षांत," तो दम घेत म्हणाला, "माहा सापळा खाणारा मासा नाई पाह्यला मी." आणि मग, बायकोकडे वळून, "भात हाय का व? वाढ."

बुधवारपर्यंत बिस्कुटने गळा संपवला, शुक्रवारपर्यंत एक बाजू. शालिकरामने उरलेला सांगाडा हातात घेऊन बराच वेळ उलटासुलटा पाहिला. "इथून खाल्ला हारामखोरानं. वीण ढिली पडली माही." त्याने नवा विणायला घेतला. तो पाच दिवस टिकला. मोहल्ल्यातले दोन-तीन म्हातारे येऊन बसू लागले आणि पुढचा किती दिवस जाईल यावर वाद घालू लागले. ताट धुवायला जाई तेव्हा त्यात भाताचे शीत नसे.

महिना होत आला तेव्हा बसस्टँडवरून एक खोके आले. धनराजचा फोन आधीच आला होता. "आई, सशासाठी घर पाठवलंय. जाड प्लास्टिकचं आहे, काही केल्या चावता येत नाही. बाबांना आता रोज रोज ती मेहनत नको."

शालिकराम सांदवाडीत बांबू निवडत होता. रुखमाबाईने खोके उघडले. घर खरेच सुबक होते, निळे, दाराला कमान. तिने बोटाने ठोकून पाहिले. चांगलेच टणक होते. मग तिने ते उचलून माजघरात नेले आणि धान साठवायच्या ढोलीमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवून दिले. वर एक पोते टाकले.

रविवारी दामिनीने विचारले, "आजी, नवीन घर आवडलं का त्याला?"

ओसरीवर कोयता पडला आणि बांबू उभा फाटत गेला. बिस्कुट कान टवकारून त्या आवाजाकडे निघाला.

"काय सांगू माय," रुखमाबाई म्हणाली, "आत पायच नाई टाकला त्यानं."