हळद लागलेलं बुजगावणं

मित्रांनो, सीमाभागातल्या येळ्ळूरच्या शिवारात बांधाला लागून एका पायावर उभा दिसतो, तो मी. जुनं बुजगावणं आहे. डोकं गाडग्याचं, हात वेळूचे, सदरा शेताच्या मालकीण जयाबाईंच्या लेकाचा, नागेंद्रचा. तो मच्छे गावातल्या कारखान्यात लागला तेव्हा त्याला नवे सदरे मिळाले आणि मला नोकरी.

काम सोपं. कुणी जवळ येऊ नये म्हणून उभं राहायचं. मी ते इतकं मन लावून केलं, की कुणीच जवळ यायचं नाही. जयाबाई कौतुक करायच्या. कौतुक आवडायचं, पण तेवढ्यावर दिवस निघत नाही.

दुपारची भाकरी मात्र माझ्याच पायाशी सुटायची. जयाबाई इकडून यायच्या, बांधापलीकडच्या निंगव्वा तिकडून. एक मराठीत बोलायची, दुसरी कन्नडात, मधेच उलट. मला दोन्ही भाषा कळतात. दोन्हीत मी गप्प असतो.

यंदा पावसानं माझ्या हनुवटीवरचा चुना धुऊन नेला. जयाबाईंनी तेवढ्याच जागी ताजा चुना फासला. मग भात पोटरीला आलंय, राखणदाराला मान द्यावा, म्हणून तोंडभर हळद चोपडली. वर चुना जुना, तिथं हळद पिवळीच राहिली. खाली ताजा, तिथं ती लालभडक झाली. ओवाळायचं पाणी हळदीत चुना कालवून असंच तर लाल होतं.

"लाजलाय बघ, जयाक्का," निंगव्वा म्हणाल्या. दोघी हसल्या. मीही हसलो असतो, पण माझं तोंड कोळशानं काढलेलं. रुंदावता येत नाही.

जवळच्या गडाकडे निघालेल्या एका तरुणानं गाडी थांबवली, माझा फोटो काढला आणि काही न विचारता गेला. संध्याकाळी मी गावोगावच्या फोनांत होतो. माझे दोन्ही हात कायम रिकामे, तरी फोन तेवढा माझ्याकडेच नव्हता. वर पिवळा, खाली लाल. लोकांना माझ्या तोंडावर कर्नाटकाचा झेंडा दिसला. मराठी ग्रुपवाले भडकले, आमच्या शेतात यांचा झेंडा का? कन्नड ग्रुपवाले भडकले, आमचा झेंडा बुजगावण्याला का? भांडता भांडता एका गोष्टीवर मात्र दोन्हीकडचं एकमत झालं. माझं डोकं फोडावं.

दुसऱ्या दिवशी नागेंद्र आणि निंगव्वांचा मल्लाप्पा बादली घेऊन आले. मागोमाग जयाबाई.

"अरं, हळद हाय रं ती. खालचा चुना वला व्हता."

"मला कळतंय गं आई. ग्रुपला कोण सांगणार?"

निंगव्वा लेकाला कन्नडात म्हणाल्या, "तुझ्या लग्नात दारात तुला ओवाळलं, ते पाणी हिनंच कालवलं होतं. ते कसं लाल झालं, विचार की तिला."

मल्लाप्पानं विचारलं नाही. दोघांनी मिळून मला काथ्यानं घासलं. रंग गेला, डोळे गेले, तोंडही गेलं. मग लेकांनी आयांना बजावलं, वातावरण गरम आहे तोवर एकत्र बसू नका, पुन्हा कुणी फोटो काढील.

आता पाखरं बिनधास्त येतात. माझ्या हातावर बसतातसुद्धा, पण ती भातासाठी. दुपारी पायाशी कुणी नसतं. डोळे नसले तरी मला पावलं ओळखू येतात. सकाळी निंगव्वा येतात, माझ्या खिशात काहीतरी ठेवतात, जातात. उन्हं कलल्यावर जयाबाई येतात. ते काढून घेतात, आपलं काहीतरी ठेवतात.

"बरी हाय न्हवं रं ती?" काल त्यांनी मला विचारलं.

मी सांगितलं असतं, की तीही सकाळी हेच विचारून गेली. पण तोंड घासून गेलेलं.

मित्रांनो, फोटो पुढं पाठवण्याआधी एकदा बांधावरून खाली उतरून विचारत जा. भाकरी मिळेल, हळदीचंही कळेल. आणि इकडून गेलात, तर माझ्या खिशाचा फोटो तेवढा काढू नका. आज त्यात शेंगदाण्याची चटणी आहे. जयाबाई अजून यायच्या आहेत.