कबरेवरचे दगड

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पहाटे भारत काविळीनं गेला. उन्हाळ्याचे दिवस, म्हणून दिवस मावळायच्या आत त्याला माती दिली. आर्णीबाहेरच्या ख्रिस्ती कब्रस्तानात ताज्या कबरेवर दगड रचतात आणि वरून बाभळीच्या फांद्या टाकतात, कारण नाल्यातली कुत्री माती उकरतात. राखणदार धावजीनं ते काम चोख केलं.

"प्रभूच्याच दिवशी गेला, भाग्याचा होता," बाया भारतच्या बायकोला, शीलाला, सांगत होत्या. शीलाला काही ऐकू येत नव्हतं. तिची आठ वर्षांची सोनू मात्र कौसल्याबाईंचा पदर धरून शब्द न् शब्द ऐकत होती.

कौसल्याबाई तीस वर्षं चर्चमधल्या लेकरांना रविवारची शाळा शिकवत आल्या होत्या. येशू तिसऱ्या दिवशी कबरेतून उठला, त्याची आठवण म्हणून दर ईस्टरला त्या मातीची वीतभर कबर करायच्या आणि तिच्या तोंडाशी गोल दगड लावायच्या. एका लेकरानं तो ढकलायचा. आत घडी केलेला पांढरा रुमाल तेवढा निघायचा, आणि सगळी लेकरं ओरडायची, "प्रभू उठला आहे!" यंदा दगड ढकलायची पाळी सोनूची होती.

"बाई, माहा बाबा उठन ना?"

"उठन बेटा."

"तिसऱ्या दिवशी?"

तेवढ्यात शीलाला भोवळ आली. बाई तिकडे धावल्या. जाता जाता म्हणाल्या, "हो हो."

शनिवारी रिवाजाप्रमाणे बाई लेकरांना घेऊन कबरी साफ करायला आल्या. गवत उपटायचं, जुन्या कबरींना चुना मारायचा. दुपारी ऊन चढलं तशी लेकरं पांगली. संध्याकाळी चर्चमध्ये फुलं लावताना बाईंना सोनूचे हात दिसले. कोपरापर्यंत ओरखडे होते.

"गवतात काटे होते वाटते," बाई म्हणाल्या आणि हळद लावून दिली. सोनूनं दोन्ही हात पुढे धरले. ती आनंदात दिसत होती. बाईंना वाटलं, लेकराचं मन रमलं, बरं झालं.

रविवारी, ईस्टरच्या पहाटे, सगळे मेणबत्त्या घेऊन गाणी म्हणत कब्रस्तानाकडे निघाले. सोनूच्या हातात कापडी पिशवी होती.

"काय आहे त्यात?" बाईंनी विचारलं.

"बाबाच्या चपला. त्याले अनवाणीच ठेवलं ना. रस्त्यात काटे आहेत."

बाईंचा पाय जागीच थबकला. त्यांनी सोनूच्या हातांकडे पाहिलं. पण पुढचे लोक तोवर फाटकात शिरले होते, आणि गाणं मधेच तुटलं.

फांद्या एका बाजूला ओढलेल्या होत्या. दगड ओळीनं मांडून ठेवलेले होते. दोन कुत्री पळाली. माती सगळीकडे उधळली होती आणि खड्ड्यातून पांढऱ्या चादरीचं फाटकं टोक वर आलं होतं. शीला तिथंच खाली बसली. बाईंनी सोनूचं तोंड आपल्या पोटाशी दाबून धरलं.

भारतचा मोठा भाऊ हरिसिंग धावजीच्या अंगावर गेला. "कुठं मेला होता तू? दारू पिऊन पडला असशील."

"नाई मालक. म्या शुक्रवारी सारं रचून देल्लं होतं. कोणीतरी काढलं हे."

"मंग कोणं काढलं? भुतानं?" हरिसिंगनं त्याची कॉलर धरली. कोणी म्हणालं, ठाण्यात न्या याला. धावजी हात जोडून उभा होता. आयुष्यभर त्यानं लोकांच्या माणसांवर माती लोटली होती.

बाई गप्प राहू शकल्या असत्या. दगड कोणी काढले हे आणखी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"सोड त्याले, हरिसिंग," त्या म्हणाल्या. "दगड माह्यामुळं निंगाले. म्या या लेकराले सांगतलं होतं, तुहा बाप तिसऱ्या दिवशी उठन म्हणून."

हरिसिंगच्या हातातून कॉलर सुटली.

सोनूनं मान वर केली. "त्याले दगड उचलता नसते आले ना, बाई. आजारी होता. म्हणून म्या काढले."

बाईंनी पदर खोचला. धावजीबरोबर माती लोटली, मग एकेक दगड उचलून परत रचला. सत्तरीच्या बाईला कोणी थांबवलं नाही. सोनू शेजारी उभी राहून पाहत होती.

"परत काहून ठेवून राह्यल्या? तो निंगाला नाई अजून."

"तो आज निंगत नाई, बेटा. तिसरा दिवस एकट्या प्रभूचा होता. बाकीच्यांचा दिवस कोणालेच सांगतला नाई."

"तुमी हो म्हणलं होतं."

"म्हणलं होतं. तुहं नीट ऐकलं नाई मी. चूक माही आहे, तुही नाई."

सोनूनं चपलांची पिशवी छातीशी धरली. बाईंना वाटलं, ती रडेल. ती रडली नाही.

सूर्य वर आला. चर्चच्या पाळकांनी घसा खाकरला आणि हळूच म्हटलं, "प्रभू उठला आहे." चारसहा आवाज पुटपुटले, "खरोखर उठला आहे." दर वर्षी सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी सोनू ओठ मिटून उभी राहिली.

परतताना बाईंनी पिशवी घ्यायला हात पुढे केला. सोनूनं ती दुसऱ्या हातात घेतली आणि आईच्या बाजूनं चालू लागली.