आठ पोती, एक डबा

मी विकर, म्हणजे एन्झाइम, बोलतोय. तुमच्या डोळ्यांना मी दिसत नाही, म्हणून मला मोजायचं सोडू नका. तुमच्या तोंडातल्या गोळीचा गोडवा ही माझी मेहनत आहे.

एका बुरशीच्या पोटी माझा जन्म झाला. कोट्यवधी भावंडांसह मला डब्यात भरलं आणि या पाकाच्या कारखान्यात आणलं. काम एकच. स्टार्चची लांब साखळी धरायची, तोडायची, साखर करून सोडायची. त्यासाठी माझ्या अंगाला एक खाच आहे. तिच्यात एका वेळी एकच साखळी बसते. ती तुटली की पुढची. या कामात मी झिजत नाही आणि चुकारपणाही करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टाकी मावशी सांभाळते. पांढऱ्या फरशीवर पाकाचा थेंब टाकते, वर आयोडीनचा. निळं झालं तर स्टार्च शिल्लक आहे. नाही झालं तर काम संपलं. तिला एवढं पुरतं.

मग मालकांचे जावई व्यवस्थापक म्हणून आले. सेकंद मोजायचं घड्याळ गळ्यात अडकवून. मी तेव्हा थंड कपाटाच्या काचेतून बघत होतो. त्यांनी पहिल्या दिवशी टाकीत स्टार्चचं एक पोतं टाकायला लावलं. दोन तासांत निळेपणा गेला. दुसऱ्या दिवशी दोन पोती. पाणी तेवढंच, विकराचा डबाही एकच. दोन तासांहून थोडाच जास्त वेळ लागला. यात नवल काही नव्हतं. एका पोत्याला आमच्यातले बरेचसे रिकाम्या खाचेने साखळीची वाट बघत होते. दोन पोत्यांत वाट बघणं कमी झालं.

जावयांनी भलताच अर्थ काढला. "काम अंगावर पडलं की सगळे जोरात पळतात. उद्या आठ पोती," म्हणाले, आणि गोळ्यांच्या कारखान्याला बारा वाजता ट्रक पाठवायला सांगून मोकळे झाले.

आज सकाळी नऊला आमचा डबा ओतला. आठ पोती अंगावर आली. पहिल्या मिनिटापासून एकाही भावंडाची खाच रिकामी नव्हती. एक साखळी सोडावी, तर दारात शंभर उभ्या. दारात गर्दी वाढली म्हणून आतले हात वाढत नाहीत. हे ज्याला कळत नाही, त्याच्या गळ्यात घड्याळ अडकवून काय उपयोग?

बारा वाजले. ट्रक दारात. फरशीवर थेंब निळाशार.

"सुस्तावलेत. अजून दोन पोती टाका," जावई म्हणाले.

"जावईबापू, आत सगळे कामाला जुंपलेत. पोती नकोत, दुसरा डबा ओता."

"मावशी, हे कुठे शिकलात तुम्ही?"

"तुमचं लग्न ठरायच्या आधीपासून ही टाकी ढवळतेय."

"बरं. ट्रक रिकामा परतला, तर तुम्हीही त्यातच बसून जा."

दोन पोती पडली. आमचा वेग तसूभरही वाढला नाही. वाढायला जागाच नव्हती. जावई मात्र टाकीच्या पत्र्यावर हाताने थापा मारत होते, बैल हाकावा तसे.

एक वाजता मालक आले. त्यांनी फरशी पाहिली, पोती मोजली, जावयाकडे पाहिलंच नाही.

"मावशी, डबा आहे?"

"आहे की."

"मग अडलंय कुठे?"

"जावईबापूंच्या परवानगीला."

डबा ओतला गेला. आमच्याइतकीच भावंडं आणखी आली, तेवढ्याच खाचा वाढल्या, आणि काम दुप्पट वेगाने सुटलं. तीनच्या आत थेंब निळा व्हायचा थांबला. ट्रकवाला कुरकुरला, पण थांबला होता. पाक भरला की निघेल. मावशीला त्यात बसावं लागणार नाही. जावई त्याला सांगताहेत, "शेवटी मलाच वेग वाढवावा लागला."

आता मावशी वाफेचा व्हॉल्व्ह उघडायला निघाली आहे. पाक बनला की आम्हाला उकळून संपवतात. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिने कधी आमच्याकडून एका खाचेत दोन साखळ्या मागितल्या नाहीत.

जावयांना एवढंच सांगा. उद्याच्या डब्यातल्यांनाही खाच एकेकच आहे. पत्रा कितीही बडवा.