दोन बोटं खाली

ऐक ना, मध्ये बोलू नकोस हं! तर, रंगारी अंघोळीला गेला रे गेला, की त्याच्या बायकोनं खोडरबर काढलं, भिंतीवरची पेन्सिलीची रेघ पुसली आणि दोन बोटं खाली नवी ओढली. चोरासारखी! स्वतःच्याच स्वयंपाकघरात!

रेघ कसली, तर त्याच्या खांद्याची. ऑपरेशन झालेलं. व्यायाम शिकवणाऱ्या ताईनं सांगितलेलं, रोज भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, पोचेल तिथं खूण करायची. आणि हा पठ्ठ्या रोज कालच्या खुणेच्या अलीकडेच थांबायचा.

"संपला आपला धंदा," म्हणायचा.

छतापर्यंत हात जात नसेल तर रंगाऱ्यानं करायचं काय, सांग!

म्हणून तिची ही लबाडी. दुसऱ्या दिवशी बोटं रेघेच्या वर गेली.

"अगं, गेला की!"

"मग! मी काय सांगत होते?" मान वर न करता ती भांडी घासत राहिली.

असं बारा दिवस. तेराव्या दिवशी हात असा सणसणीत वर गेला, की तिनं खोडरबर डब्यात टाकून झाकण लावलं. पुढं रेघा आपल्या आपण चढत गेल्या.

महिन्यानं ताईनं विचारलं, "दहापैकी दुखतंय किती?"

"सहा."

"अहो काका, मागच्या वेळीही सहाच होतं! मग हात एवढा वर कसा?"

"दुखतंय ते दुखू दे. जमतंय ना!"

रविवारी त्यानं तीच भिंत रंगवायला काढली. हिला काही राहवेना.

"अहो, एक सांगू? त्या रेघा मी..."

"पुसायचीस. माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. जन्म गेला भिंती बघण्यात, पुसलेलं कळणार नाही होय?"

"मग गप्प का बसलात?"

त्यानं रोलर रंगात बुडवला, निथळू दिला.

"अंघोळ करून आलो की आधी खोडरबरचा डाग बघायचो. एक दिवस डागच नव्हता. म्हटलं, हिनं पुसायचं सोडलं, म्हणजे आता आपलं खरंच जमलं."

ती रंगाचा डबा त्याच्या हाताशी सरकवून उभी राहिली. रोलर छताला टेकला.

आता तू सांग. तू त्याच्या जागी असतीस, तर पहिल्याच दिवशी तिचा हात धरला असतास, की अंघोळीला अजून थोडा वेळ लावला असतास?