चंदेरी रंगाखालची गॅस्केट

"पोरी, हेड उचललं गेलं की त्याच दिवशी कापून घे स्वतःला. अख्खी राहू नकोस."

भोसरीच्या एका गॅरेजात, भिंतीवरच्या खिळ्याला अर्धी कापून टांगलेल्या म्हाताऱ्या गॅस्केटने मला हे बजावलं होतं. मी तेव्हा नवीकोरी होते. मनात म्हटलं, हिचे दोन तुकडे झालेत, म्हणून हिला दुसरीचं अख्खेपण बघवत नाही. मी तिचं बोलणं कानाआड केलं. मित्रांनो, आज तिचं ते वाक्य आठवलं की अजूनही माझ्या अंगाची आग होते.

मी एका लाल स्पोर्ट्स कारची जुनी हेड गॅस्केट. गॅस्केट म्हणजे काय, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल, म्हणून आधीच सांगते. इंजिनाचे दोन मोठे भाग असतात. खाली ब्लॉक आणि वर त्याचं जड झाकण, म्हणजे हेड. त्या दोघांच्या मध्ये पापडासारखी पातळ अशी मी. माझ्या एका अंगाला आग, दुसऱ्याला पाणी, तिसऱ्याला तेल. तिघांनी एकमेकांच्या घरात शिरायचं नाही, एवढं बघणं हे माझं काम. पाणी आगीत शिरलं की गाडी पांढरा धूर ओकते. तेलात शिरलं की तेलाचं ताक होतं. आणि आग पाण्यात शिरली, तर इंजिन उकळून भर रस्त्यात जीव टाकतं. लेकराच्या उशाशी बसलेल्या आईला जसा नीट डोळा लागत नाही, तसंच आमचं असतं.

माझा जन्म भोसरीतच झाला. एका छोट्या वर्कशॉपमधल्या प्रेसखाली तांब्याचा पत्रा दाबून, भोकं पाडून, त्यांच्या कडांना पोलादी कडी बसवून मला घडवलं. तिथून मी उद्धवरावांच्या हातात आले. उद्धवराव उदगीरकडचे. गॅरेजचे उस्ताद, सगळ्यांचे मामा. त्यांनी मला बसवलं तो दिवस मी कधी विसरणार नाही. त्यांनी हेडवर सरळपट्टी आडवी-तिडवी ठेवून, खालून उजेड दिसतो का ते वाकून वाकून पाहिलं. बारीकशी फट दिसली, तसं हेड फेसिंगला पाठवलं, म्हणजे मशीनवर घासून सपाट करून आणलं. बोल्टांची भोकं तेलाने नव्हे, कोरड्या फडक्याने साफ केली. मग टॉर्क पाना घेतला, बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा. आधी मधले बोल्ट, मग बाहेरचे, थोडं थोडं आवळत. एकदम कुणालाच नाही. "अंगावर ओझं सारखं पडलं पाह्यजे," असं ते मलाच सांगत असल्यासारखं पुटपुटायचे.

आणखी एक रीत होती त्यांची. कुठलंही हेड खोललं की जुनी गॅस्केट पत्र्याच्या कात्रीने मधोमध कापायची आणि मगच नवीन पाकीट फोडायचं. "अख्खी ठिवली की माणसाच्या मनात पाप येतंय," म्हणायचे.

ती लाल गाडी विजयश्री नावाच्या एका मुलीच्या वडिलांची होती. दोन दारांची, जमिनीला चिकटून पळणारी. त्यांनी मला कधी तापू दिलं नाही. चढ संपला की दोन मिनिटं गाडी नुसती चालू ठेवायचे आणि बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "शाबास!" ती थाप माझ्यापर्यंत पोचायची. पुढे ते वारले. गाडी पुनावळ्याच्या सोसायटीत पार्किंगमध्ये कापडाखाली उभी राहिली. माझ्या कडेचं पाणी गंजून चहासारखं झालं. तरी मी माझी जागा सोडली नाही.

मग एक दिवस कापड उचललं गेलं. विजयश्री आता स्वतः आई झाली होती. चार वर्षांची मनू तिच्या कडेवर. आजोबांच्या गाडीत नातीला बसवायचं, तिच्या मनात एवढंच होतं. हेडच्या कडेने पाणी पाझरत होतं, म्हणून तिने इंजिन पूर्ण खोलून नीट करायचं ठरवलं, आणि गाडी कशीबशी चालवत त्याच गॅरेजात आणली. पण उद्धवराव गावी गेले होते. गॅरेज आता त्यांचा शिष्य गोरक्ष बघत होता. हा चाकणकडच्या शेतकरी घरातला. हाताला चपळ, तोंडाने त्याहून चपळ.

गाडी थांबली तशी त्याने पाना हातात घेतला.

"दादा, थंड होऊ द्या की आधी," विजयश्री म्हणाली. "पप्पा म्हणायचे, गरम हेड खोललं की वाकतं."

"ताई, तुमी पोरीकडं बघा, मी इंजनाकडं बघतो. आमी रोज हेच करतोय न्हवं?"

आणि त्याने गरम हेडचे बोल्ट सोडले, तेही कडेचे आधी सोडायचे सोडून हाताला येतील तसे. माझ्या डोक्यावर हेड वाकताना मी अनुभवलं. कण्हायचीही सोय नव्हती. ते वाकलेलं हेड त्याने फेसिंगला पाठवलं नाही, नुसता पॉलिश पेपर फिरवला. आणि मला? मी वाट बघत होते कात्रीची. माझं काम झालं होतं. दोन तुकडे होऊन सुखाने खिळ्यावर टांगून घ्यायला मी तयार होते.

त्याने मला रॉकेलने धुतलं, उन्हात ठेवलं आणि गेटला मारायचा चंदेरी रंग माझ्यावर फवारला. मग कुठल्याशा नव्या पाकिटात घालून विजयश्रीसमोर धरलं. "बघा, नवीकोरी. चकाकतीय न्हाई का?"

तिने मला हातात घेतलं. बोट फिरवलं. रंगाखाली जुनी दाबाची खूण होती, ती तिच्या बोटाला लागली असावी, कारण तिच्या कपाळाला आठी पडली. पण तेवढ्यात मनू पान्यांच्या ढिगाकडे धावली आणि आई तिच्यामागे. गोरक्षने मला वाकड्या हेडखाली दाबलं, एकाच दमात, कडेकडून.

मित्रांनो, तिथे मी शपथ घेतली. ह्याला सोडायचं नाही. मी फुटणार हे तर ठरलेलंच होतं. पण फुटेन तर ह्याच्या तोंडावर फुटेन, त्या मायलेकींच्या नाही.

बोलायला सोपं होतं हो. दुसऱ्याच दिवशी विजयश्री मनूला मागच्या सीटवर बांधून तळेगावला आईकडे निघाली. देहूरोडच्या पुढे माझ्या दोन सिलिंडरांमधली पट्टी जळायला लागली. आग पाण्याच्या दाराशी येऊन धडका देत होती. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूने कंपन्यांच्या बस. इथे मी सुटले असते, तर पुढची काच वाफेने भरली असती आणि तिला रस्ता दिसला नसता. मी दात-ओठ खाऊन धरून ठेवलं. कूलंट मिसळलेलं ते गोडसर वासाचं पाणी थोडं आत गेलंच. मागे पांढरा धूर सुटला.

"आई, गोड गोड वास येतोय," मनू म्हणाली.

विजयश्रीची नजर तापमानाच्या काट्यावरच होती. काटा चढताना दिसला तशी तिने गाडी कडेला घेतली, बंद केली, पोरीला उचललं आणि लांब जाऊन उभी राहिली.

गोरक्ष मोटरसायकलवर आला. आधी हसला. "ताई, तुमीच तापवली असंल. बायकांचं काट्याकडं ध्यानच नसतंय."

"काट्याकडेच बघत होते," विजयश्री म्हणाली, "म्हणून मनू आत्ता माझ्या कडेवर आहे."

इंजिन निवल्यावर त्याने खिशातून हळदीची पुडी काढली आणि सगळी रेडिएटरमध्ये ओतली. पाण्यात फिरून हळद बारीक फटीत जाऊन बसते आणि पाझर काही दिवस थांबतो, हे इकडच्या पुष्कळ गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे. पण हा जुगाड गाडी घरापर्यंत न्यायचा. तो इलाज नव्हे. गोरक्षला तेही ठाऊक होतं.

"जखमेवर न्हाई का आपण हळद लावत? झालं. आता गाडी गॅरेजातच ठिवा. खंडेनवमीला पूजा करून ताठ मानेनं घेऊन जावा."

हळद माझ्या जळक्या कडेवर येऊन बसली. मी तिला म्हटलं, बाई, तू माझ्या बाजूची की त्याच्या? ती फटीत आणखी घट्ट बसली. पण तिचा रंग मी बघून ठेवला.

खंडेनवमीला गॅरेज धुऊन काढलं होतं. लेथवर, ड्रिलवर, वेल्डिंग मशीनवर झेंडूचे हार. गोरक्ष पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात. दारावर मंजुळाबाईंची चहाची गाडी आणि आजूबाजूच्या शेडमधली माणसं. पूजेला म्हणून उद्धवरावही गावाहून आले होते. सगळ्यांच्या मध्ये माझी लाल गाडी, बॉनेट उघडं.

"आवाज ऐका राव, आवाज!" गोरक्ष इंजिनावर वाकला आणि हातानेच रेस द्यायला लागला.

उद्धवरावांनी पाण्याच्या पाइपला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "गोरक्ष, पाइप दगडावानी कडक झालाय. पाण्यात हवा चाललीय. बंद कर आधी."

"मामा, तुमचा जमाना गेला."

विजयश्रीने ते ऐकलं. तिने मनूला उचललं आणि थेट चहाच्या गाडीमागे जाऊन उभी राहिली. मी तेवढ्याचीच वाट बघत होते. आता माझ्या समोर फक्त तो होता.

मी दार सोडलं.

आग पाण्यात घुसली. जुना पाइप टरकन फाटला, आणि उकळतं पिवळंधमक पाणी गोरक्षच्या छातीवर, हातावर, मानेवर उडालं. तो किंचाळत मागे पडला. मंजुळाबाईंनी धावत जाऊन माठातलं गार पाणी त्याच्या हातावर ओतलं. ओतता ओतताच त्यांचं लक्ष कुर्त्याकडे गेलं. "अगं बया! गोरक्षशेठ, हळद लागली की वो तुमाला! नवरी कुठली केली म्हणायची?"

सगळी शेड हसली. मला दया आली का? नाही आली. त्याच्या हातावर फोड उठले ते मी मोजत बसले नाही, एवढीच माझी दया.

विजयश्री हसली नाही. ती त्या पिवळ्या चिखलाकडे बघत होती. "म्हणजे इतके दिवस आत नुसती हळदच. फट होती हे तुम्हाला माहीत होतं. माहीत असून माझ्या पोरीला परत ह्याच गाडीत बसवणार होता." मग ती वळली. "मामा, हेड उघडा. माझ्यासमोर. थंड झाल्यावर."

इंजिन गार होईपर्यंत कुणी घरी गेलं नाही. उद्धवरावांनी कडेचे बोल्ट आधी, मधले शेवटी, असे हळूहळू सोडले. हेड उचललं. माझ्या अंगावरचा चंदेरी रंग सोलून निघाला होता आणि दोन सिलिंडरांमध्ये मी काळीठिक्कर झाले होते. त्यांनी मला उजेडात धरलं.

"ही तर मीच बसवलेली हाय. तुझ्या पप्पांच्या समोर. ही नवी कुठून झाली रे, गोरक्ष?"

गोरक्ष फुंकर घालत हाताकडे बघत राहिला.

"कात्री द्या," विजयश्री म्हणाली. आणि तिने मला स्वतःच्या हाताने कापलं. मित्रांनो, एवढं हलकं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं. विजयश्रीने गाडी ओढून दुसऱ्या गॅरेजात नेली. आता हेड फेसिंगला गेलंय, नवी गॅस्केट, नवे बोल्ट, नवा पाइप येतोय, आणि उद्धवराव ते बसवून मगच गावी जाणार आहेत. गोरक्षच्या दारात परवापासून एकही गाडी उभी नाही. मला बरं वाटतंय, लपवत नाही.

पण हे एवढ्यावर संपत नाही, म्हणून तर मी तुमच्याशी बोलते आहे. मला कापल्यावर मंजुळाबाईंनी गोरक्षला विचारलं होतं, "आणि आजून कुणाकुणाच्या गाडीत असली रंगवलेली घातलीस रं, मुडद्या?"

त्याने उद्धवरावांकडे चोरून पाहिलं. मग म्हणाला, "एकच. मारुंजीची सुप्रियाताई. निळी गाडी."

ते खरं आहे. मला रंगवलं त्या उन्हात माझ्या शेजारी त्या निळ्या गाडीत गेलेली गॅस्केट पडली होती. माझ्याहून वाईट अवस्थेत होती, तिच्या कडेला चीर होती. विजयश्री तेव्हापासून सुप्रियाला फोन लावते आहे. बंद येतो. गोरक्षला एवढंच माहीत आहे, की ती हिंजवडीत कामाला आहे, भाड्याच्या घरात राहते, आणि सुट्टीत दोन्ही मुलांना घेऊन घाटाने माहेरी जायचं म्हणत होती.

म्हणून, मित्रांनो, जुनी गॅस्केट कधीही पुन्हा वापरू देऊ नका, ती तुमच्यासमोर कापायला लावा, हे तर मी सांगतेच. पण तुमच्यापैकी कुणी मारुंजीला राहत असेल, तर आधी उठा. पार्किंगमध्ये निळी गाडी शोधा. तिचं दार वाजवा. ती म्हणेल, आत्ताच तर इंजिन करून घेतलंय, काही होत नाही. तिचं ऐकू नका. पाणी कमी होतंय का, ते तिच्या डोळ्यांसमोर बघा. आणि दाराला कुलूप असेल, गाडी जागेवर नसेल, तर शेजाऱ्यांना विचारा ती कुठल्या घाटाने गेली, आणि तिच्या माहेरचा नंबर मिळवा. आत्ताच मिळवा.