सुनेच्या आईचा नेचा

वाफताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी आता उरलंच नव्हतं. शस्त्रक्रियेचे चिमटे-कात्र्या धुवायच्या, पुसायच्या, कापडात बांधायच्या आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात घालून निर्जंतुक करायच्या, हे इस्पितळातलं काम गेली सव्वीस वर्षं त्यांच्याकडे होतं. कुणा डॉक्टरने गमतीने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे नवराही त्याच नावाने हाक मारायला लागला. तो निवृत्त बसड्रायव्हर. आयुष्यभर मागे बसलेल्यांची बडबड ऐकून घेतलेली, त्याचं उट्टं आता घरात बोलून काढत होता.

घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. पण इतकं स्वच्छ, की पाहुणे दारातच पायाचे तळवे निरखून मग आत पाऊल टाकत. ओट्याचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, आणि एकाने दुसऱ्याचं काम केलं तर त्याला उकळत्या पाण्यात प्रायश्चित्त.

लेकाच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. जोडपं दूरच्या शहरात, त्यामुळे सुनेची गाठ पडायची ती चार दिवसांपुरती. आता लेकाची बदली इकडे झाली आणि दोघं कायमची राहायला येणार असं ठरलं. सामान ट्रकने यायचं होतं. एक कुंडी मात्र महिनाभर आधीच, लेकाच्या एका मित्राच्या गाडीतून, मांडीवर बसून आली. पाठोपाठ सुनेचा फोन.

"आई, नेचा नीट पोचला ना? ट्रकमध्ये चुराडा झाला असता हो त्याचा. माझ्या आईचा आहे तो. तिच्यामागे माझ्याकडे तेवढाच राहिलाय."

सुनेची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. "काळजी करू नकोस," एवढंच वाफताई म्हणाल्या, पण मनाशी ठरवून टाकलं, की या पोरीशी आपलं पुढचं सगळं या कुंडीवर ठरणार.

नेचा होता मोठा देखणा. शोभेचा, दाट झुपक्याचा. हातभर लांब पानं चहूबाजूंनी खाली झुकलेली, आणि एकेका पानाला दोन्हीकडून बारीक दातेरी पात्या. सोबत सुनेने चिठ्ठी दिली होती. ऊन नको, उजेड हवा. वरची माती बोटाला कोरडी लागली की पाणी. पानांवर रोज फवारा. वाफताईंनी ती चिठ्ठी भिंतीला लावली आणि दमट हवा म्हणून कुंडी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली.

"म्हणजे आता आंघोळीला जाताना याला नमस्कार करून जायचं का?" नवऱ्याने विचारलं.

"नमस्कार नको. साबणाचे शिंतोडे उडवू नका, तेवढं पुरे."

तीन आठवडे सुरळीत गेले. सकाळची प्रार्थना झाली की पहिला फवारा नेच्याला, मग स्वतःला चहा. एका रविवारी फवारताना त्यांनी एक पान सहज उलटून पाहिलं आणि फवारा खाली ठेवला. पात्यांच्या मागे, कडेकडेने, तपकिरी ठिपके. दुसरं पान उलटलं, तिथेही तेच. तिसरं, चौथं. सगळा झुपका मागून ठिपक्यांनी भरलेला.

आता दुसरी कुणी बाई असती तर शेजारणीला हाक मारली असती, कुणाला तरी विचारलं असतं. पण वाफताईंचं सव्वीस वर्षांचं शिक्षण एकच होतं. डाग दिसला की थांबायचं नाही. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले, कापसाचे बोळे केले, स्पिरिटची बाटली उघडली आणि न्हाणीघरात स्टुलावर बसून एकेक पान मागून पुसायला घेतलं. अडीच तास. ठिपके सहजी सुटेनात, तेव्हा नखाने हलके खरवडले. बोळे तपकिरी होऊ लागले तसं त्यांना बरंच वाटलं. घाण निघतेय म्हणजे काम होतंय.

"अगं, ऑपरेशन संपलं का?" बाहेरून नवरा. "मला दाढी करायचीय."

"कीड पडली होती. बरं झालं वेळेवर दिसली."

मंगळवारी ड्यूटीवरून आल्या तेव्हा पात्यांची टोकं काळी पडली होती. बुधवारी अर्धी पानं करपली. गुरुवारी सकाळी फवारा मारायला गेल्या तर पाण्याच्या नुसत्या वजनानेच पात्या गळून खिडकीत पडल्या. सून यायला बारा दिवस होते.

त्यांनी एक करपलेलं पान आणि एक त्यातल्या त्यात बरं पान कागदात गुंडाळलं आणि रोपवाटिका गाठली. तिथला माळी म्हातारा होता, कानाने थोडा अधू आणि जिभेने अजिबात नाही. त्याने बरं पान उलटं केलं, पुसायचे राहून गेलेले दोन-चार ठिपके पाहिले आणि वाफताईंकडे पाहिलं.

"हे तुम्ही पुसलंत?"

"हो. स्पिरिटने."

"वा! अहो बाई, हे त्याचं बी म्हणायचं. नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही. जे काही द्यायचं ते पानामागे असं ठिपक्या-ठिपक्यांनी देतो. बघा की, किती शिस्तीत आहेत, कडेने एकाला एक लागून. कीड कधी रांग धरते का?"

वाफताई एका उलट्या कुंडीवर टेकल्या. रोज शेकडो गोष्टी नीट निरखणाऱ्या आपण, आणि आपल्याला रांग दिसली नाही.

"वाचेल का? माझ्या सुनेचा आहे तो."

"तुम्ही काय कराल त्यावर आहे. करपलेली पानं सगळी बुडाशी कापा. सगळी, दया नको. माती ओली ठेवा, चिखल नको. वर पारदर्शक पिशवी सैलसर घाला. आणि मग मुख्य औषध."

"कोणतं?"

"हात लावू नका."

त्या उठताना माळ्याने बाजूची एक कुंडी पुढे सरकवली. तसाच झुपका, तेवढाच, अगदी जुळा शोभेलसा. "नाहीतर हा घेऊन जा. सुनेला काय कळतंय? पानं मोजून थोडीच दिलीत तिने."

वाफताईंनी ती कुंडी हातात घेतली, खोटं कशाला सांगा. घेतली, वजन पाहिलं, पानंही उलटून पाहिली. ठिपके होते. पण त्यांच्या खात्यात एक नियम होता. निर्जंतुक केलेलं बांधलेलं पाकीट हातून पडलं किंवा फाटलं, तर ते पुन्हा बांधून फडताळात ठेवायचं नाही. वरून कुणालाच कळत नाही, म्हणूनच ठेवायचं नाही. फाटलं तर फाटलं म्हणून सांगायचं. या नियमापायी त्यांनी दोन नव्या मुलींना रडवलं होतं आणि एका मोठ्या सर्जनची बोलणी खाल्ली होती. त्यांनी कुंडी जागेवर ठेवली.

"तिच्या आईचा आहे हो तो," त्या म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी पानं कापली. कुंडीत उरले ते बोटभर तपकिरी खुंट. नवऱ्याने दारातून डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही.

"तिला फोनवर सांगतेस का?"

"सामानाच्या धांदलीत आहे ती. इथे आली की समोर सांगेन."

"मी सांगू? मी केलं म्हणून सांगतो. गाडी ठोकली तर ड्रायव्हरचंच नाव येतं, मला सवय आहे."

"तुम्ही आपले गप्प बसा," त्या म्हणाल्या, पण त्या दिवशी भाजीत त्याच्या आवडीचा बटाटा जास्त पडला.

पुढचे दिवस कठीण गेले. सातव्या-आठव्या दिवशी पिशवीतून पाहिलं तर खुंटांच्या बुडाशी पांढुरकं-तपकिरी काहीतरी लवदार उगवलं होतं. बुरशी! हात शिवशिवले. कापूस तर समोरच्याच फळीवर होता. वाफताई न्हाणीघरातून बाहेर आल्या, दार लावलं आणि घरातले सगळे पडदे काढून धुवायला टाकले. ते स्वच्छ होते. पण हातांना काहीतरी द्यायलाच हवं होतं.

ठरल्या दिवशी दुपारी लेक-सून आली. चपला काढून सून दारातच पायपुसण्यावर थबकली, पदराने कपाळ टिपलं आणि पिशवी कुठे ठेवू, असं नजरेनेच विचारत राहिली. वाफताईंनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि ती पाणी प्यायच्या आतच म्हणाल्या, "तुझा नेचा माझ्या हातून करपला."

"आई, जरा बसू तरी दे तिला," लेक म्हणाला.

"बसल्यावर मला सांगवणार नाही." आणि उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. ठिपके, स्पिरिट, अडीच तास, नख, माळी, कात्री. तो जुळा नेचा हातात घेतला होता तेसुद्धा. "आता बुरशीही धरलीय. मी हात लावला नाही. तूच काय ते बघ. मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन."

सुनेने पेला ठेवला आणि ती न्हाणीघरात गेली. पाठोपाठ तिघंही दारात. तिने पिशवी काढली, कुंडी उजेडाकडे फिरवली आणि खुंटांमध्ये हलकेच बोट घातलं.

"आई, इकडे या."

त्या पुढे झाल्या.

"बोट द्या. इथे. लागलं?"

काहीतरी लागलं. लहान, गोल, घट्ट. लवेने मढलेलं.

"ही बुरशी नाही हो. नवी पानं आहेत. अशी गुंडाळी करूनच बाहेर येतात, आणि अंगावर लव असते. एक, दोन, ही तीन… इकडे पण. सात तर आत्ताच दिसतायत. पुसलं नाहीत ना यांना?"

"नाही गं. शप्पथ नाही."

सून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती तशीच न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली. "चूक माझीपण आहे. चिठ्ठीत सगळं लिहिलं, ठिपक्यांचं लिहायचं राहिलं. मला वाटलं ते सगळ्यांना माहीत असतं."

वाफताईही तिच्याशेजारी टेकल्या, जमीन ओली आहे की कोरडी हे न पाहता.

"रागावली नाहीस?"

"खरं सांगू?" सुनेने आवाज खाली आणला, पण दारातल्या दोघांनाही ऐकू गेलंच. "आठवडाभर मला झोप नाही. तुमच्या घरात म्हणे फडक्यांनासुद्धा शिस्त आहे. आणि मी अशी वेंधळी. ओला टॉवेल पलंगावर टाकणारी, चहाचा कप कुठे ठेवला ते विसरणारी. मी यांना विचारत होते, माझं कसं व्हायचं तिथे? आणि इथे येऊन बघते तर…"

"तर सासूने आधीच चुकांचं खातं उघडून ठेवलंय," दारातून वाफताईंचा नवरा म्हणाला. त्याचीही जीभ परत आली होती.

"तुम्ही जा बरं, चहा टाका," वाफताई म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, थोडं लाजत, "हे किती दिवसांत उलगडतात गं?"

"दोन-तीन आठवडे. सावकाश."

"आणि आपण काय करायचं तोवर?"

"काही नाही, आई. नुसतं बघायचं."

आणि दोघी तिथेच बसून राहिल्या, चहाची हाक येईपर्यंत, ती लवदार गाठोडी पुन्हा पुन्हा मोजत. वाफताईंच्या मोजणीत आठ आली.