शिडाच्या बोटीला डबल घंटी

यातला एक शब्द जरी खोटा निघाला तर माझी कवळी धक्क्यावरून पाण्यात पडो. आणि कवळी नवी आहे, म्हणजे बघा.

आमचे हे बसचे ड्रायव्हर आणि मी त्याच बसची कंडक्टर. ते पुढं, मी मागं; बोलणं सगळं घंटीतून. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ते मला मास्तर म्हणायचे, मी त्यांना पायलट. लग्न झालं तरी यात फरक पडला नाही.

नोकरी लागायच्या आधी हे शिडाची बोट चालवायचे. रिटायर झाल्यावर आठवडाभर भिंतीकडे बघून झालं आणि यांनी परसातल्या ताडपत्रीखालून ती बोट बाहेर काढली. आमची लेक नर्स. तिचा आवाज ऐकला की पेशंट भीतीनंच बरे होतात.

"बाबा, हे काय वय आहे?" ती म्हणाली. "एकदाच संधी देते. खाडीत तरंगणाऱ्या त्या तांबड्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. तुमचे तुम्ही आलात तर बोट राहील. लाँचनं ओढून आणावं लागलं, तर उद्या भंगारवाला येईल."

आणि लाँचवाल्याला आमच्या मागं लावून दिलं.

ताडपत्रीखाली ती बोट यांनी सांभाळली कशी, ते मी बघितलंय. एवढं कौतुक माझं झालं असतं तर मी अजून तरुण असते.

दोर सोडला. शीड वर गेलं. हे सुकाणू धरून ताठ बसले. बोट जागच्या जागी डुलतेय.

"अहो, निघा की!"

"डबल कुठंय?"

"इथं कुठली आलीय घंटी?"

"मग कसं निघू?" हे म्हणाले. "मास्तर, तुमच्या घंटीशिवाय माझं आयुष्यात काही हललं नाही."

मी जेवणाच्या डब्याचं झाकण काढलं आणि चमच्यानं दोनदा वाजवलं. ठण ठण. सुकाणू वळलं, शीड फुगलं, बोट सुटली. समोरून वारा, त्यामुळं तिरकं तिरकं जायचं. दर वळणाला मी डबल द्यायची, शिडाची आडवी काठी डोक्यावरून जायची, आम्ही वाकायचो. दुपारपर्यंत वारासुद्धा घंटीकडे लक्ष द्यायला लागला.

पिंपावर एक बगळा उभा होता. वळसा घालताना आत आला, मागच्या फळीवर बसला. मी म्हटलं, "पुढं सरका." सरकला.

परतीला वारा पाठीशी. घर दिसायला लागलं, आणि मागं लाँचवाला हात हलवतोय! लाँचच्या पंख्यात जाळं अडकलं होतं, इंजिन बंद.

"हात दाखवलाय," हे म्हणाले. "थांबावं लागेल."

"अहो पायलट, त्याला दोर बांधून नेलं तर लेकीला काय दिसेल? बोट जाईल तुमची!"

"हात दाखवणाऱ्याला सोडून कधी गाडी नेली का आपण?"

"एकदा नेली होती."

"तो तुझा भाऊ होता."

मी एक घंटी दिली.

लाँच बांधली आणि निघालो. आमचं शीड आणि मागं हे धूड. म्हशीला शेळीनं ओढावं तसं. तरी आणली. पण धक्क्याजवळ वारा पडला. आमची बोट मंदावली, लाँच जड, ती आपल्याच वेगात आमच्या पुढं गेली आणि पहिली लागली. मागं दोराला आम्ही.

लेक कमरेवर हात ठेवून उभी. "आणलं ना ओढून? झालं!" फोन हातात, नंबर काढलेला.

लाँचवाला आभाळाकडे बघायला लागला. दोन पेन्शनरांनी आपल्याला ओढून आणलं हे कुठला लाँचवाला सांगेल? आणि आपणहून सांगणं यांच्या रक्तातच नाही. शिडावर हात ठेवून नुसते उभे.

मी झाकण वाजवणार होते, पण बगळा आधी उतरला. त्याचा स्टॉप आला होता. लेकीनं बगळ्याकडे बघितलं, मग बापाकडे. मग लाँचमध्ये उतरली आणि इंजिनच्या झाकणावर उलटा हात ठेवला, पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा.

"थंडगार," ती म्हणाली. "दादा, हे इंजिन कधीपासून बंद आहे?"

"तुमच्या बाबांनी दोर टाकायच्या आधीपासून," लाँचवाला आभाळालाच म्हणाला.

लेकीनं फोन पर्समध्ये टाकला. "उद्या जाताना टोप्या घाला," एवढंच म्हणाली आणि ड्युटीला गेली.

आता शपथेचं. एक गोष्ट मी पदरची घातली. 'तुमच्या घंटीशिवाय माझं आयुष्यात काही हललं नाही' असं काही हे म्हणाले नव्हते. "मास्तर, डबल द्या," एवढंच म्हणाले होते. कवळी मी सांगायला बसण्याआधीच काढून ठेवली होती, म्हणून वाचली.

बगळा मात्र खरा. आणि तिकीट न काढताच उतरला.